घरातील गाद्या बदलायच्या आहेत : पाठीला नीट आधार देणारी गादी कशी ओळखावी?

सिंहगडरस्ता

नमस्कार. आमच्या घरातील सगळ्याच गाद्या बदलण्याची वेळ आली आहे आणि त्याविषयी जाणकारांचे मत हवे आहे. सध्या आमच्या खोलीत प्लायवुडच्या बॉक्स पलंगावर काथ्याची जाड गादी आहे. तिच्या मधोमध लांबट खळगा पडला असून रात्री आम्ही दोघेही नकळत त्यात घसरतो. यजमानांचे वजन नव्वद किलोच्या आसपास आहे आणि ते उताणे झोपतात. माझे वजन त्यांच्यापेक्षा बरेच कमी आहे आणि मला कुशीवर वळल्याशिवाय झोप लागत नाही. सकाळी त्यांची कंबर धरलेली असते, तर माझा खांदा अवघडलेला असतो. सासूबाईंनी सत्तरी ओलांडली आहे. त्या अंगाने बारीक आहेत आणि कापसाच्या गादीवर झोपतात, पण ती बऱ्याच वर्षांत पिंजून घेतलेली नसल्यामुळे तिच्यात गठ्ठे झाले आहेत.

लक्ष्मी रस्त्यापासून कर्वे रस्त्यापर्यंत बरीच दुकाने पाहिली. कंबर दुखते असे म्हटले की प्रत्येक विक्रेता ‘मग कडकच घ्या’ असे सांगून ‘ऑर्थोपेडिक’ असे छापलेली गादी पुढे करतो. एकाने तर गादीवर मूठ आपटून ती किती कडक आहे याचे प्रात्यक्षिकच दाखवले. गादी जितकी कडक, तितका कण्याला आधार अधिक, हे खरे आहे का? ३२ डेन्सिटी, ४० डेन्सिटी हे आकडे नेमके काय सांगतात? मेमरी फोम पुण्याच्या हवेत कितपत चालतो? स्वतः वापरून पाहिलेल्यांनी किंवा या विषयाचा अभ्यास असणाऱ्यांनी सविस्तर लिहावे, ही विनंती.

शनिवारपेठी

आमच्या वाड्यात सगळे जण जमिनीवर सतरंजी आणि वर गोधडी घालून झोपत असत, आणि कंबर दुखते म्हणून कोणी दुकानांचे उंबरठे झिजवल्याचे मला आठवत नाही. पलंग हवाच असेल, तर लाकडी फळ्यांवर कापसाची पातळ गादी घालावी. बाकीचा सगळा जाहिरातींचा खेळ आहे, असे माझे स्पष्ट मत आहे.

देहभान

मी भौतिकोपचारतज्ज्ञ आहे आणि हा प्रश्न माझ्याकडे जवळजवळ रोज येतो, म्हणून थोडे विस्ताराने लिहितो.

आपला कणा बाजूने पाहिला तर सरळ नसतो. मानेशी तो आत वळतो, पाठीशी बाहेर येतो आणि कमरेशी पुन्हा आत वळतो. उभे असताना हे बाक जसे असतात, साधारण तसेच ते झोपेतही राहावेत, एवढीच गादीकडून अपेक्षा असते. आता उताणे झोपलेल्या माणसाचा विचार करा. गादी फार कडक असेल तर भार फक्त पाठीचा वरचा भाग, माकडहाडाच्या वरची हाडे आणि टाचा यांवर पडतो. कमरेखाली पोकळी राहते आणि तिथले स्नायू रात्रभर पुरते सैल होत नाहीत. गादी फार मऊ असेल तर शरीराचा सर्वांत जड भाग, म्हणजे ओटीपोट आणि नितंब, खाली जातो आणि कमरेचा नैसर्गिक बाक मोडतो. यजमानांच्या बाबतीत खळग्यामुळे हेच होत असावे.

कुशीवर झोपणाऱ्यांचे गणित वेगळे असते. या स्थितीत शरीराचा खांदा आणि खुबा हे दोन भाग बाहेर आलेले असतात आणि कंबर आत गेलेली असते. खांदा गादीत थोडा रुतला नाही तर तो पुढे ढकलला जातो, मान वाकडी होते आणि हाताला मुंग्या येऊ लागतात. स्त्रियांचा खुबा बहुधा अधिक रुंद असल्यामुळे कडक गादीवर त्यांची कंबर अधांतरी राहण्याची शक्यता जास्त असते. त्यामुळे सिंहगडरस्ता ताई, तुमच्या यजमानांना जी गादी ‘छान घट्ट’ वाटेल, ती तुम्हाला फळीसारखी लागेल. गादी तीच असली तरी तुमच्या वजनाला ती पुरेशी दबणार नाही. कडक, मध्यम, मऊ हे शब्द झोपणाऱ्याच्या वजनाशिवाय अर्धवट आहेत, आणि दुकानात नेमके वजनच कोणी विचारत नाही.

जाता जाता एक गोष्ट सांगतो. मणक्यांमधल्या चकत्या रात्री पाणी शोषून फुगतात. म्हणूनच सकाळी आपली उंची संध्याकाळपेक्षा सुमारे १ सेंटिमीटर जास्त भरते. उठल्यावर थोडा वेळ कंबर ताठर वाटण्याचे हे एक कारण आहे. त्यामुळे अंथरुणातून उठल्याबरोबर खाली वाकून जड बादली उचलणे टाळावे. गादी कितीही चांगली असली तरी हे पथ्य सुटत नाही.

शनिवारपेठी

देहभान साहेब, मग आमच्या वाड्यातील मंडळींचे काय?

देहभान

जमिनीवर झोपून ज्यांना त्रास होत नाही, त्यांनी ते अवश्य चालू ठेवावे. त्यात काहीही गैर नाही. मात्र ती मंडळी दिवसभर उकिडवी बसत, चालत, जमिनीवरून ऊठबस करत. आज आठ-दहा तास खुर्चीत बसून खुबे आखडलेल्या माणसाला सतरंजीवर उताणे झोपवले तर त्याचे पाय सपाट टेकताना कंबर उचलली जाते. अशा वेळी गुडघ्यांखाली उशी किंवा गुंडाळलेले पांघरूण ठेवले की पुष्कळ आराम पडतो. हा उपाय गादीवर झोपणाऱ्यांसाठीही आहे, आणि ताईंच्या यजमानांनी तो आज रात्रीच करून पाहायला हरकत नाही.

कर्वेरस्ता

‘कडकच घ्या’ या सल्ल्याविषयी एक दाखला देतो. स्पेनमध्ये दीर्घकाळ कंबरदुखी असलेल्या ३१३ प्रौढांवर झालेला एक अभ्यास २००३ मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झाला होता. चिठ्ठ्या टाकल्याप्रमाणे दोन गट पाडून एका गटाला कडक आणि दुसऱ्याला मध्यम-कडक गाद्या दिल्या होत्या आणि कोणाला कोणती गादी मिळाली हे गुप्त ठेवले होते. ९० दिवसांनंतर अंथरुणात पडल्यावर होणारे दुखणे, उठताना होणारे दुखणे आणि दैनंदिन कामातील अडचण या तिन्ही बाबतींत मध्यम-कडक गादीवर झोपणाऱ्यांची स्थिती अधिक चांगली होती.

यातील एक बारकावा खरेदीच्या वेळी उपयोगी पडतो. त्या अभ्यासात वापरलेल्या युरोपीय मोजपट्टीवर १ म्हणजे सर्वांत कडक आणि १० म्हणजे सर्वांत मऊ. कडक गाद्या २.३ वर होत्या आणि मध्यम-कडक ५.६ वर. कित्येक विक्रेत्यांच्या संकेतस्थळांवरची मोजपट्टी याच्या अगदी उलट असते, म्हणजे तिच्यात १० सर्वांत कडक. तेव्हा नुसता आकडा पाहून गादी मागवू नये, पट्टीचे कोणते टोक कडक आहे ते आधी विचारावे.

‘ऑर्थोपेडिक’ या शिक्क्याबद्दल एवढेच सांगतो की ते कोणा अस्थिरोगतज्ज्ञाने दिलेले प्रमाणपत्र नव्हे. बहुतेक वेळा त्याचा अर्थ ‘आमच्याकडील कडक प्रकार’ एवढाच असतो.

काथ्याकूट

फोमच्या व्यवसायाशी माझा जुना संबंध आहे, म्हणून डेन्सिटीचा गुंता सोडवण्याचा प्रयत्न करतो.

डेन्सिटी म्हणजे घनता, अर्थात एक घनमीटर फोमचे वजन. ३२ डेन्सिटी म्हणजे घनमीटरला ३२ किलो. हा आकडा फोम किती कडक आहे ते सांगत नाही. एकाच घनतेचा फोम मऊही बनवता येतो आणि कडकही. कडकपणाची मोजणी वेगळी असते : ठरावीक आकाराची चकती फोमवर दाबून त्याची जाडी पाव हिश्श्याने कमी व्हायला किती जोर लागतो ते पाहतात. घनतेवरून प्रामुख्याने टिकाऊपणाचा अंदाज येतो. कमी घनतेचा फोम लवकर बसतो आणि खळगा पडतो. नव्वद किलोच्या माणसाने ४० च्या खाली जाऊ नये असे माझे मत आहे. सासूबाईंच्या वजनाला ३२ पुरेसा आहे.

विक्रेता ४० सांगतो तो खरोखर ४० आहे का, हे वजनकाट्यावर तपासता येते. संपूर्ण गादी एकाच साध्या पीयू (पॉलियुरेथेन) फोमची असेल, तर ७२ बाय ३६ इंची आणि ६ इंच जाडीच्या गादीचे घनफळ साधारण ०.२५५ घनमीटर भरते. म्हणजे ३२ घनतेचा फोम ८ किलोंच्या थोडा वर आणि ४० घनतेचा १० किलोंच्या थोडा वर भरायला हवा. खोळीचे वजन त्याखेरीज. गादी साडेसहा किलोच भरली तर पुढे काय बोलायचे ते तुम्हाला कळेलच. हलक्या दर्जाच्या फोममध्ये चुनखडीची भुकटी घालून वजन वाढवण्याचा प्रकारही चालतो. तसा फोम बोटांनी चुरगाळला की भुकटी सुटते किंवा तुकडे पडतात, म्हणून खोळीची चेन उघडून आतला फोम पाहू देतील अशाच दुकानात जावे.

तुकडे चिकटवून दाबलेला रंगीबेरंगी फोम, ज्याला रीबॉन्डेड म्हणतात, तो घनतेला भरपूर आणि चांगलाच कडक असतो. पायाचा थर म्हणून तो उत्तम आहे, पण नुसत्या त्याच्यावर कुशीवर झोपणाऱ्याने झोपू नये. काथ्या म्हणजे नारळाचे तंतू रबराच्या चिकाने बांधलेले. त्यात हवा खेळते, उन्हाळ्यात गार वाटते, पण जिथे रोज भार पडतो तिथे तंतू कायमचे दबतात आणि ते पुन्हा वर येत नाहीत. लेटेक्स, म्हणजे रबराच्या चिकाचा फोम, लवचीक आणि टिकाऊ असतो, पण किंमत आणि वजन दोन्ही जबर. ती गादी एकट्याने उलटी करता येत नाही. स्प्रिंगच्या गादीत पॉकेट स्प्रिंग घ्यावी, कारण तिच्यातील प्रत्येक स्प्रिंग स्वतंत्र कापडी पिशवीत असल्यामुळे एकाच्या हालचालीचा धक्का दुसऱ्याला कमी पोहोचतो. जुन्या पद्धतीच्या, एकमेकींत गुंफलेल्या स्प्रिंगांवर एक जण वळला की दुसरा जागा होतो.

सिंहगडरस्ता

देहभान आणि काथ्याकूट, दोघांचेही मनापासून आभार. मूठ आपटून काही कळत नाही हे पटले. पण मग दुकानात नेमके काय करून पाहावे? पाच मिनिटे पडून राहिले तरी विक्रेते अस्वस्थ होतात. आणि सासूबाईंसाठी काय घ्यावे, हे अजून ठरत नाही.

देहभान

विक्रेत्यांना थोडे अस्वस्थ होऊ द्यावे. ही वस्तू आपण अनेक वर्षे वापरणार असतो. चप्पल काढून, आपण घरी ज्या कुशीवर झोपतो त्याच कुशीवर, आपल्या नेहमीच्या उशीसह किमान दहा-पंधरा मिनिटे पडावे. उशी घरून नेण्यात संकोच वाटण्याचे कारण नाही. उताणे झोपणाऱ्याने कमरेखाली तळहात सरकवून पाहावा. हात अगदी मोकळेपणाने आरपार जात असेल तर गादी त्याच्यासाठी कडक आहे. मुळीच शिरत नसेल तर मऊ आहे. थोडा रेटा देऊन शिरला तर ठीक. कुशीवर झोपणाऱ्याने सोबतच्या व्यक्तीला पाठीमागून छायाचित्र काढायला सांगावे. मानेपासून माकडहाडापर्यंतची रेषा गादीला समांतर दिसली पाहिजे. अंगाला बेताचे बसणारे कपडे असले तर ती रेषा चांगली दिसते.

उशीविषयी तुम्ही विचारलेले नाही, पण खांदा अवघडतो त्यात तिचा वाटा असू शकतो. कुशीवर झोपताना कान आणि खांद्याचे टोक यांमधली जागा उशीने पूर्ण भरली पाहिजे, त्यापेक्षा जास्त नको. नवी गादी जुनीपेक्षा मऊ असेल तर खांदा अधिक रुतेल आणि तीच उशी अचानक उंच वाटू लागेल. त्यामुळे आधी गादी ठरवावी आणि मग उशी. दोन्ही गुडघ्यांच्या मध्ये एक छोटी उशी घेतली तर वरचा पाय पुढे पडून कंबर पिळवटत नाही. यजमानांसारखे उताणे झोपणाऱ्यांना मात्र पातळ उशीच बरी.

सासूबाईंच्या बाबतीत मी गादीच्या प्रकाराआधी पलंगाची उंची पाहीन. कडेवर बसल्यावर दोन्ही तळपाय जमिनीवर पूर्ण टेकले पाहिजेत आणि गुडघे साधारण काटकोनात असले पाहिजेत. बॉक्स पलंगावर ८ इंची गादी घातली की उंची इतकी वाढते की रात्री उठताना पाय अधांतरी राहतो आणि पडण्याची भीती असते. गादीची कडही घट्ट असावी, नाहीतर बसल्यावर ती दबून माणूस पुढे घसरतो. बारीक अंगाच्या व्यक्तीची हाडे टोचतात, म्हणून वरचा एक-दोन इंचांचा थर मऊ हवा.

पिंजणकाम

आमचा पिढीजात गादी भरण्याचा व्यवसाय आहे, म्हणून कापसाच्या गादीविषयी लिहिते. सासूबाईंची गादी टाकून देण्याची घाई करू नये. कापूस वापराने दबतो, घामाचा ओलावा धरतो आणि त्याचे गठ्ठे होतात. हा गादीचा दोष नाही, तिची देखभाल राहून गेली आहे. पूर्वी दारावर येणारा पिंजारी तात वाजवत कापूस पिंजून देई. आता यंत्रावर तासाभरात काम होते. दर दोन-तीन वर्षांनी खोळ उसवून कापूस पिंजून घेतला, धूळ आणि चुरा काढून टाकला आणि जितका कमी भरला तितका नवा कापूस घातला, की गादी पुन्हा फुलते. पिंजायला देताना समोर उभे राहावे, कारण आपला कापूस बाजूला ठेवून कारखान्यातील टाकाऊ कापूस भरल्याच्या तक्रारी ऐकू येतात.

भरताना गादीचा मधला भाग कडांपेक्षा किंचित उंच ठेवायला सांगावे, कारण भार तिथेच येतो आणि काही आठवड्यांत ती सपाट होते. टाके जवळजवळ घालून घ्यावेत. टाके विरळ असले तर कापूस सरकून कडेला जमतो. सावरीचा कापूस फार मऊ असतो. तो उशीसाठी उत्तम, पण नुसत्या सावरीची गादी पाठीला पुरेसा आधार देत नाही. पावसाळ्याआधी, म्हणजे मे महिन्यातच, गच्चीवर दोन्ही बाजूंनी ऊन दाखवावे. फोम, लेटेक्स किंवा काथ्याच्या गादीला मात्र कडक उन्हात ठेवू नये. उन्हाने फोम पिवळा पडतो आणि रबर ठिसूळ होते.

नदीपात्र

मेमरी फोमविषयीचा प्रश्न मागे राहिला, म्हणून लिहितो. १९६६ च्या सुमारास नासासाठी, विमानातील आसने अधिक सुरक्षित आणि आरामदायी व्हावीत म्हणून, हा फोम तयार झाला. शरीराच्या उष्णतेने तो मऊ होतो आणि हळूहळू आकार घेतो. आता पुण्याचा जानेवारी आठवा. पहाटे पारा दहा अंशांच्या आसपास येतो आणि पाषाण-सूसकडे तर खोलीही चांगलीच गार पडते. अशा थंडीत पडल्यावर सुरुवातीला गादी दगडासारखी लागते, मग अंगाच्या उबेने खाली जाते. एप्रिलमध्ये उलटा अनुभव येतो : गादी पटकन मऊ होते आणि उष्णता अडवून धरते. त्यामुळे संपूर्ण गादी मेमरी फोमची घेण्यापेक्षा घट्ट पायावर एक-दोन इंचांचा थर असलेली घ्यावी. वळायला त्रास होणाऱ्या वृद्धांना मात्र जाड मेमरी फोम देऊ नये, कारण रुतलेल्या जागेतून कूस बदलायला ताकद लागते.

पुण्याच्या पावसाळ्यात बॉक्स पलंगाची आणखी एक अडचण येते. खाली बंद प्लायवुड, आत गच्च भरलेले सामान, वर फोम. घामाचा ओलावा बाहेर जायला वाट नसल्याने ऑगस्टपर्यंत गादीच्या तळाशी काळे ठिपके दिसू लागतात. सुताराकडून प्लायवुडला ठिकठिकाणी भोके पाडून घ्यावीत आणि आठवड्यातून एकदा गादी भिंतीला टेकवून उभी करावी.

काथ्याकूट

नदीपात्र यांच्या मुद्द्याला जोडून सांगतो. ताई, गादीला दोष देण्याआधी पलंगही तपासा. गादी बाजूला करून प्लायवुडवर एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत दोरा ताणून धरा आणि मधोमध दोरा व फळी यांत किती फट पडते ते पाहा. बॉक्सचे झाकण उघडता यावे म्हणून पातळ प्लायवुड वापरतात आणि मधला आधार बहुधा दिलेला नसतो. फळीच खाली गेली असेल तर नव्या गादीतही वर्षभरात खळगा दिसेल. त्याहून सोपी परीक्षा म्हणजे जुनी गादी काही रात्री जमिनीवर घालून झोपून पाहणे. फरक पडला तर दुरुस्ती सुताराकडे आहे, गादीवाल्याकडे नाही. फळ्यांचा पलंग असेल तर दोन फळ्यांमध्ये तीन इंचांहून अधिक अंतर नसावे.

दोघांच्या वजनात एवढा फरक असताना ७२ बाय ७२ ची एक अखंड गादी घेण्याऐवजी ३६ इंच रुंदीच्या दोन गाद्या शेजारी ठेवाव्यात, एक ४० घनतेची घट्ट आणि दुसरी वरचा थर मऊ असलेली. जाडी दोन्हींची सारखीच हवी. मधल्या फटीवर जाड पलंगपोस घातला की ती जाणवत नाही, आणि पुढे एक खराब झाली तर तेवढीच बदलता येते. ऑनलाइन मागवणार असाल तर परत करण्याची मुदत किती, परत नेण्याचा खर्च कोणाचा आणि हमीमध्ये किती खोल खळगा दोष धरला जातो, हे तिन्ही आधी वाचावे. बऱ्याच हमीपत्रांत इंचभराच्या आतील खळगा ‘सामान्य वापर’ म्हणून सोडून दिलेला असतो.

शनिवारपेठी

दोन वेगळ्या गाद्यांची कल्पना आम्हाला मान्य आहे. वाड्यात प्रत्येकाचे अंथरूण स्वतंत्रच असे.

देहभान

एक महत्त्वाची सूचना राहिली. सगळ्या दुखण्यांचे खापर गादीवर फोडू नये. रात्री दुखण्याने जाग येणे, सोबत ताप किंवा विनाकारण वजन घटणे, पायात बधिरपणा किंवा अशक्तपणा असे काही असेल तर डॉक्टरांना दाखवावे. लघवी-शौचावरील ताबा सुटला तर त्याच दिवशी रुग्णालय गाठावे. तसेच, तरुण वयात सकाळचा ताठरपणा अर्ध्या तासाहून अधिक टिकत असेल आणि विश्रांतीने वाढून हालचालीने कमी होत असेल, तर तो मणक्यांच्या संधिवाताचा प्रकार असू शकतो. अशी मुले-मुली वर्षानुवर्षे गाद्या बदलत राहतात आणि निदान लांबते.

सिंहगडरस्ता

सर्वांचे आभार. दोरा ताणून पाहिला : मधोमध बोटभर फट आहे, म्हणजे आधी सुतार येणार. त्यानंतर ७२ बाय ३६ च्या दोन गाद्या घेण्याचे ठरवले आहे, आणि सासूबाईंची गादी पिंजायला देऊन तिच्यावर एक इंचाचा मऊ थर घालणार आहोत. त्यांना ‘माझी गादी टाकणार नाही ना?’ एवढीच काळजी होती. शेवटचा प्रश्न : पलंगाला चारही बाजूंनी लाकडी पट्टी आहे, तर गादीचे माप बाहेरून द्यावे की आतून?

काथ्याकूट

आतून. लाकूड नेहमी काटकोनात नसते, म्हणून लांबी आणि रुंदी प्रत्येकी डोक्याशी, मध्ये आणि पायाशी अशा तीन ठिकाणी मोजावी आणि सर्वांत कमी भरेल तो आकडा द्यावा. दोन गाद्या असल्याने रुंदीत एकूण अर्धा इंच सैल ठेवा, नाहीतर त्या एकमेकींना रेटून मध्ये उचलल्या जातात. सुताराने मधला आधार बसवल्यानंतर पुन्हा एकदा मोजा आणि मगच आगाऊ रक्कम द्या.